किटली मेला त्याची गोष्ट

आमच्या रस्त्यावर, म्हणजे मालगाड्यांतून फुकट हिंडणाऱ्यांत, नाव ठेवायची एक रीत आहे आणि ती फार दुष्ट आहे. गाडीने तुमचं जे घेतलं, त्यावरून तुमचं नाव पडतं. बोटं गेली की बोटक्या, हात गेला की थोट्या, डोळा गेला की काण्या आणि पाय गेला की खुंट्या. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव घरीच राहतं. रस्ता दुसरं देतो, ते धडधाकट दिवसांतलं. मग हे तिसरं येतं. तिसऱ्यानंतर चौथं मिळालेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

होलिस यार्नेलला तिन्ही मिळाली. आर्कान्सातल्या एका लाकूडगिरणीच्या वस्तीत तो वाढला. गिरणी बंद पडली, वस्ती उठली आणि होलिस मालगाडीत चढला. त्याच्या गाठोड्याला पत्र्याची एक काळी किटली बांधलेली असायची. तो दिसायच्या आधी तिचा खडखडाट ऐकू यायचा, म्हणून त्याला किटली म्हणू लागले. त्याचा जोडीदार बर्ल टॅकेट. त्याचे पंजे एवढे रुंद की लोकांनी त्याला फावड्या करून टाकलं. दोघं वर्षानुवर्षं एकत्र हिंडले. उन्हाळ्यात डाकोटाकडे गव्हाची कापणी, थंडी सुरू होता होता पश्चिमेला वेनाचीच्या सफरचंदाच्या बागा आणि हिवाळ्यात कॅलिफोर्निया, जिथे माणूस गारठ्याने मरत नाही, निवांत उपाशी मरतो.

दोघांची कामं वाटलेली होती. बर्लचा चेहरा गरीब. तो दारात उभा राहिला की बायकांना पाझर फुटे. तो गावातून हाडं, कांदे, बटाटे, शिळा पाव असं काहीबाही घेऊन यायचा आणि होलिस त्याचं मुलिगन शिजवायचा. मुलिगन म्हणजे जे मिळेल ते एका डब्यात टाकून केलेलं कालवण. कुठल्याही जंगलात जा, ते शिजत असतं. रुळांच्या कडेला, यार्डापासून जरा लांब, पाणी बघून आमची माणसं चूल मांडतात, त्या जागेला आम्ही जंगल म्हणतो, मग तिथे झाड एकही नसेना का. जंगलाचे नियम थोडे आहेत. भांडं घासून पालथं घालायचं. कोणाला नाव-गाव विचारायचं नाही. आणि गाडीबरोबर धावणाऱ्याला दारातून हात द्यायचा नाही. त्याने लोखंड स्वतः धरायचं. हाताला घाम येतो, हाताला भीती वाटते, लोखंडाला तसलं काही होत नाही. हा नियम होलिसला शिकवला तो बर्लनेच.

तो मोडलाही बर्लनेच. मोंटानात शेल्डनचं यार्ड आहे, तिथे त्या वर्षी बैलांनी उच्छाद मांडला होता. रेल्वेच्या पहारेकऱ्यांना आम्ही बैल म्हणतो, पण खरे बैल बिचारे गवत खातात आणि कोणाच्या बरगड्या मोडत नाहीत. त्यांच्या भीतीने गाडी यार्डात न धरता पुढे वळणावर धरावी लागे आणि तोवर तिने वेग घेतलेला असे. सकाळची वेळ होती, गवतावर हिमकण होते. बर्ल आधी चढला. होलिस मागून धावत होता, पण थंडीने त्याची बोटं आखडली होती आणि शिडीचा गज त्याच्या हातून निसटला. बर्लला राहवलं नाही. तो दारात पोटावर आडवा झाला आणि त्याने हात पुढे केला. होलिसने पुन्हा गज धरायचा सोडून तो हात धरला. तेवढ्यात गाडीला हिसका बसला.

पुढचं होलिसला तुकड्यातुकड्यांनी आठवे. बर्लचा ताणलेला चेहरा, मग रिकामा हात, मग किटली खडखडत कुठेतरी घरंगळत गेली. गाडी बर्लला घेऊन पश्चिमेला निघून गेली आणि होलिसचा डावा पाय गुडघ्याखाली रुळातच राहिला.

परगण्याच्या इस्पितळात त्याने अख्खा हिवाळा काढला. सुरुवातीला तो रोज म्हणायचा, बर्ल पुढच्या स्टेशनावर उतरला असेल, परतीची गाडी मिळाली की येईल. मग म्हणू लागला, बर्फाने वाट अडली असेल. मग म्हणू लागला, त्याला बैलांनी पकडून खडी फोडायला पाठवलं असेल. इतकी कारणं होलिसने स्वतःच्या आयुष्यासाठीही कधी शोधली नव्हती. प्रार्थनागृहाचे लोक आठवड्याला येत आणि सूपच्या वाटीआधी पापाचं प्रवचन देत. होलिस डोळे मिटून बसे आणि त्या सज्जनांना वाटे, गडी सुधारतोय.

वसंतात त्याला लाकडी पाय देऊन बाहेर काढलं. चालून चालून तो जाणार कुठे? तो शेल्डनच्याच जंगलात येऊन बसला. चढता येत नाही म्हटल्यावर रस्ता संपला. राहिली चूल. येणारे-जाणारे काही ना काही आणून टाकत, तो शिजवी आणि त्याचा वाटा त्याला मिळे. लोक त्याला खुंट्या म्हणू लागले. कोणी विचारलं नाही की आधी तुला काय म्हणायचे. विचारायचं नसतंच. जुने एखाद-दोन ओळखीचे आले असतीलही, पण त्याची दाढी पांढरी झाली होती, गालफडं बसली होती आणि तसंही लोक आधी लाकडाकडेच बघतात. किटलीशिवायचा किटली कोण ओळखणार.

पण नियम मोडून तो एक गोष्ट सगळ्यांना विचारायचा. पश्चिमेकडून कोणी आला की त्याच्या ताटलीत कालवण घालता घालता म्हणायचा, फावड्या नावाचा कोणी भेटला का. लोक वैतागत. म्हणत, तू जंगलाचा आचारी आहेस की बैलांचा खबऱ्या? तरी एखादा सांगे, वेनाचीला दिसला होता, बरा होता. मग होलिस निरोप देई, त्याला सांगा, शेल्डनला जुना जोडीदार वाट बघतोय, मनात काही ठेवलेलं नाही. आमच्यात निरोप असेच जातात, तोंडातोंडी, आणि टपालापेक्षा लवकर पोचतात.

वाट बघण्यामागे नुसती माया नव्हती. वेनाचीला एकडाल नावाच्या विधवा बाईंची मोठी बाग होती. बागेच्या भटारखान्यात बाराही महिने बसून काम करणारा माणूस त्यांना हवा होता. सफरचंदं सोलायची, वाळवायची, मजुरांचं रांधायचं, डोक्यावर छप्पर. आदल्या हंगामात बाईंनी होलिसला विचारलंही होतं, तेव्हा तो हसला होता की बसून राहायला मला काय लंगडा समजलात. आता त्याला ते काम डोळ्यांपुढे दिसायचं. पण पोचणार कसा? गाडी पाण्याच्या टाकीपाशी घटकाभर थांबते, तेव्हा एकाने वर ओढलं आणि एकाने खालून ढकललं तर खुंट्यालाही चढवता येतं. पण पुढच्या यार्डात बैल आले की बाकीचे उड्या मारून पळतात आणि खुंट्या बसून राहतो. मग त्याच्यापायी सगळा डबा पकडला जातो. म्हणून खुंट्याला कोणी बरोबर घेत नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? ही जोखीम फक्त जोडीदार घेतो आणि होलिसचा जोडीदार एकच होता.

उन्हाळ्यात भोंगा नावाचा एक जण आला. माणूस मनाचा मोकळा, पण आवाज असा की यार्डातल्या बैलांनाही त्याचं गुपित ऐकू जावं. जेवणं झाली, सगळे सावलीला पडले आणि भोंग्याने गोष्ट काढली. म्हणाला, याच शेल्डनच्या वळणावर किटली नावाचा एक मर्द गेला. धावता धावता त्याचा हात त्याच्या जोडीदाराने, फावड्याने, धरला. फावड्या निम्मा डब्याबाहेर ओढला गेला होता, आता दोघंही चाकाखाली जाणार. किटलीने ते पाहिलं. म्हणाला, "तू जा, गड्या, वेनाचीला माझ्या वाटणीची सफरचंदं तोड." आणि आपल्या हाताने हात सोडवून घेतला. पश्चिमेची गाडी धरली त्याने. म्हणजे मेला, पण मेला असं आम्ही सहसा म्हणत नाही.

ऐकणाऱ्यांपैकी एकाने नाक पुसलं. भोंगा म्हणाला, ही गोष्ट आता सिअ‍ॅटलपासून खाली फ्रेस्नोपर्यंत सगळ्या जंगलांत सांगतात आणि फावड्याला कुठेही पहिली ताटली मिळते.

होलिस डबा घासत होता, तो घासतच राहिला. त्याला आधी संताप आला, इतका की वाळूने डब्याचं बूड पातळ व्हायची वेळ आली. संताप ओसरल्यावर जे वाटलं त्याची त्याला लाज वाटली, कारण त्याला बरं वाटलं होतं. त्याच्याबद्दल इतकं चांगलं कधी कोणी बोललंच नव्हतं. आणि तिसरं असं की त्याला बर्लची कीव आली. बर्लला वाटतंय मी मेलो, म्हणून बिचाऱ्याने मनाची अशी समजूत घातली. निरोप पोचला नसेल. तो येईल, मला बघेल, रडेल, शिव्या देईल आणि मग आम्ही वेनाचीला जाऊ. होलिसने त्या दिवसापासून बर्लबद्दल विचारणं बंद केलं. बर्लला धक्का बसायचा तो समोरासमोर बसावा, असं त्याने ठरवलं.

कापणी संपून माणसं पश्चिमेकडे परतू लागली तेव्हा बर्ल आला. भर दुपारी, बैलांनी गाडीतून हुसकलेल्या पाच-सात जणांत. अंगावर चांगला लोकरी कोट होता. भोंगाही तेव्हा तिथेच होता. त्याने बर्लला पाहिलं आणि अशी आरोळी ठोकली की चुलीची राख उडाली. त्याने बर्लला हाताला धरून मधल्या ओंडक्यावर बसवलं आणि म्हणाला, आता अस्सल माणसाच्या तोंडून ऐका.

बर्लने ताटली घ्यायला हात पुढे केला आणि ताटली देणाऱ्याकडे पाहिलं. होलिस एवढं जपून ठेवलेलं हसू चेहऱ्यावर घेऊन उभा होता. बर्लचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्याने होलिसच्या पायाकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या लोकांकडे. भोंगा म्हणत होता, "सांग ना बाबा, लाजतोस काय."

बर्लने गोष्ट सांगितली.

पहिल्यांदा त्याची जीभ अडखळली. मग सवयीने शब्द एकामागून एक येऊ लागले. हिमकण, वेग, हात, आणि किटलीचे ते शेवटचे बोल. सगळा वेळ त्याची नजर ताटलीत होती. होलिस पळी धरून उभा होता. आता हा थांबेल, आता म्हणेल हा बघा तो, असं प्रत्येक वाक्याला त्याला वाटत होतं. गोष्ट संपली. भोंग्याने डोळे पुसले आणि होलिसच्या खांद्यावर थाप मारली.

"बघ, खुंट्या. असा जोडीदार मिळायला नशीब लागतं."

"लागतं खरं," होलिस म्हणाला.

जेवणं आटोपल्यावर होलिस भांडी घेऊन ओढ्यावर गेला. बर्ल मागोमाग येईल हे त्याला ठाऊक होतं आणि तो आला. बर्ल दगडावर बसला. मग त्याने एक भांडं उचललं आणि घासू लागला. भांडी घासणं हे त्यांच्या वाटणीत कधीच त्याचं काम नव्हतं.

"निरोप मिळाला होता?" होलिसने विचारलं.

"मिळाला. दोनदा मिळाला."

होलिसचे हात थांबले. एवढी कारणं शोधली होती, त्यांत हे नव्हतं.

बर्ल म्हणाला, पहिल्या महिन्यात त्याला खरंच वाटलं होतं की होलिस गेला. चाकाखाली गेलेला माणूस वाचलेला कोणी पाहिलाय? एका जंगलात लोकांनी विचारलं, एकटा का, जोडीदार कुठे, आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं. मग गोष्ट त्याच्यापुढे धावायला लागली. तो कुठेही जाई, त्याआधी ती तिथे पोचलेली असे. निरोप आला तोवर एकडाल बाईंनी ती ऐकली होती, रडल्या होत्या आणि बर्लला भटारखान्यात बाराही महिन्यांसाठी ठेवून घेतलं होतं. कापणीला तो बाहेर पडला होता तो फक्त हिंडल्याशिवाय करमत नाही म्हणून.

"भटारखान्यात?" होलिस म्हणाला. "तुला अंडं उकडता येत नाही."

"शिकलो."

होलिसला हसू आलं. मग त्याने जे विचारायचं नाही असं वर्षभर ठरवलं होतं तेच विचारलं.

"हात सुटला का सोडलास?"

बर्लने भांडं पालथं घातलं. "सोडला. मी ओढला जात होतो, होलिस. सोडला मी."

रस्त्यावर होलिस म्हणणारा तो एकटाच होता. होलिसला रडू आलं ते त्या नावाने आलं, कबुलीने नाही. तो म्हणाला, बरं केलंस, मीही सोडला असता, दोघं मरून कोणाचं भलं होणार होतं? ते झालं गेलं. आता मला वेनाचीला ने. टाकीपाशी गाडी थांबते, तू वर ओढ, मी हाताने रेटीन. भटारखाना तुझाच राहू दे, मी कोपऱ्यात बसून सोलत राहीन. कोणाला सांगणार नाही.

"तिथे तुला सगळे ओळखतात," बर्ल म्हणाला. "बाई ओळखतात. तू दारात उभा राहिलास की मी कोण, सांग? जोडीदाराला चाकाखाली टाकून गेलेला, आणि वर वर्षभर त्याच्या नावावर जेवलेला. मला कुठल्याच जंगलात कोणी बसू देणार नाही. तू मेलेला असलास तरच मी माणूस आहे."

"मग मी कोण?"

बर्लने अंगातला कोट काढला आणि होलिसपुढे धरला. होलिसने तो घेतला नाही. मग बर्लने तो दगडावर ठेवला आणि गेला. दुपारची गाडी यार्डातून निघाल्याची शिटी झाली. वळणाकडे धावणारे लोक होलिसला झाडीतून दिसले. त्यांत रुंद पाठीचा एक जण सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याने पहिल्याच झटक्यात गज पकडला. होलिसला ते बघून, खोटं कशाला सांगा, हायसं वाटलं. मग गाडी दिसेनाशी झाली आणि त्याला कळलं की आता कोणाचीही वाट बघायची नाही. वर्षभर पायाचं दुःख झालं नव्हतं एवढं त्या क्षणी झालं.

कोट त्याने थंडी पडल्यावर घातला. माणूस किती दिवस ताठ राहणार.

पहिलं बर्फ भुरभुरलं त्या आठवड्यात दोन नवखे आले. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातले, अजून हात मऊ, बूट चांगले. त्यांनी पश्चिमेकडे कुठेतरी ती गोष्ट अर्धीमुर्धी ऐकली होती. ते जंगलातल्या इतरांना सांगू लागले की इथे किटली नावाच्या माणसाला बैलाने गाडीतून ढकलून मारला, आणि जोडीदार भेदरून पळून गेला. कोणी म्हणालं, असंच असणार, जोडीदार कसले, सगळे आपापल्या जिवाचे.

होलिस चुलीपाशी होता. तो म्हणाला, "तसं नाही झालं."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. खुंट्या फारसा बोलत नसे.

मग त्याने गोष्ट सांगितली. भोंग्यापेक्षा चांगली आणि बर्लपेक्षा तर पुष्कळच चांगली. बोटं थंडीने कशी आखडतात, गज कसा निसटतो, दारात आडव्या पडलेल्या माणसाचे डोळे कसे दिसतात, हे सगळं त्याने सांगितलं. फावड्याने हात घट्ट धरला होता, तो शेवटपर्यंत सोडायला तयार नव्हता. "एक एक बोट उकलावं लागलं त्याचं," होलिस म्हणाला. किटलीनेच उकललं. स्वतःहून.

नवख्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "तू होतास तिथे?"

"होतो."

"पुरला कुठे त्याला?"

होलिसने पळीने रुळांपलीकडची मोकळी जमीन दाखवली. तिथे नुसतं गवत होतं आणि त्यावर बर्फ पडत होतं. नवखा उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग बाकीचेही एकेक करून उठले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले. होलिसला उठायला वेळ लागला. कोणीतरी त्याला दंडाला धरून उभा केला, आणि मग त्यानेही आपली टोपी काढली.